छपरावरची वीज सामान्यांना परवडेल कशी?

सूर्य कोणालाही बिल पाठवत नाही, हे वाक्य सौरऊर्जेच्या व्यासपीठांवरून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. मात्र सूर्यप्रकाशाची वीज करून ती घरात आणणाऱ्या पॅनेलचे, इन्व्हर्टरचे आणि ते बसवणाऱ्या कंत्राटदाराचे बिल येतेच, आणि ते पहिल्याच दिवशी येते. एरवी आपण वीज आधी वापरतो आणि महिन्याने तिचे पैसे भरतो. सौरवीज घेताना पुढील पंचवीस वर्षांच्या विजेचे पैसे आज मोजावे लागतात. ज्याच्यापाशी साठवलेली पुंजी आहे त्याला हा व्यवहार फायद्याचा वाटतो. ज्याचा पगार महिनाअखेरीस संपतो त्याला तोच व्यवहार अशक्य वाटतो.

घरगुती सौरवीज सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्याचा प्रश्न म्हणूनच पॅनेलच्या किमतीपाशी संपत नाही. पॅनेल स्वस्त झाले आहेत, अनुदान मिळू लागले आहे, बँका कर्ज देत आहेत. तरीही सौर पॅनेल बंगल्यांच्या गच्च्यांवर जितक्या सहज दिसतात तितक्या सहज ती चाळींवर किंवा बैठ्या घरांवर दिसत नाहीत. असे का होते आणि त्यावर कोणते उपाय आहेत, हे समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल.

स्वस्ताईचा प्रवास

सिलिकॉनपासून बनवलेला पहिला व्यवहार्य सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्के प्रकाशाचे विजेत रूपांतर होत असे. त्यानंतर बराच काळ सौरघट हे प्रामुख्याने उपग्रहांसाठीचे महागडे साधन होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास एक वॉट क्षमतेच्या पॅनेलला आजच्या मूल्यात शंभर डॉलरांहून अधिक खर्च येई. आज जागतिक बाजारात तीच क्षमता पाव डॉलरच्याही खाली मिळते, आणि घरांवर बसणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

या घसरणीमागे संशोधनाइतकाच मागणीचाही हात आहे. जर्मनीने २००० साली कायदा करून छपरावर तयार होणारी वीज वीस वर्षे ठरावीक दराने विकत घेण्याची हमी दिली. त्यामुळे मागणी वाढली. ती पुरवण्यासाठी पुढे चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले आणि उत्पादन वाढत गेले तशी किंमत उतरत गेली. आपल्याकडे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशनचा आरंभ २०१० मध्ये झाला. २०१५ मध्ये त्याचे उद्दिष्ट एक लाख मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले आणि त्यातील ४० हजार मेगावॉट इमारतींच्या छपरांवरून यावेत असे ठरले. मुदत २०२२ ची होती. माळरानांवरचे मोठे प्रकल्प भराभर उभे राहिले. छपरांवरचे उद्दिष्ट मात्र निम्म्यापासूनही फार दूर राहिले. मोठ्या प्रकल्पाला एक गुंतवणूकदार, एक जमीन आणि एक करार पुरतो. छपरांच्या बाबतीत लाखो कुटुंबांनी लाखो वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात, आणि प्रत्येक निर्णय त्या घराच्या जमाखर्चातून पार व्हावा लागतो.

एक किलोवॉट म्हणजे किती?

सौर संचाची क्षमता किलोवॉटमध्ये मोजतात. एक किलोवॉटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. महाराष्ट्रातील उन्हात असा संच वर्षभराच्या सरासरीने रोज चार युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. एप्रिल-मे महिन्यांत हे उत्पादन अधिक असते, पावसाळ्यात बरेच घटते. ही घट आणि वाढ वर्षभरात एकमेकींना भरून काढतात, कारण घर आणि वीज कंपनी यांच्यामध्ये नेट मीटर असतो.

नेट मीटरची कल्पना सोपी आहे. दुपारी घरात माणसे नसतात, वापर कमी असतो आणि पॅनेल मात्र जोमाने वीज तयार करत असते. ही जादा वीज वाहिनीत सोडली जाते. रात्री आपण वाहिनीतून वीज घेतो. मीटर दोन्हींची नोंद ठेवतो आणि घेतलेल्या युनिटांमधून दिलेली युनिटे वजा होऊन उरलेल्यांचे बिल येते. एका महिन्यात शिल्लक राहिलेली युनिटे पुढील महिन्यात जमा होतात. आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर मात्र आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकून श्रीमंत होण्याचे स्वप्न त्यामुळे कोणी पाहू नये. आपल्या वार्षिक वापराएवढा किंवा त्याहून किंचित लहान संच हाच शहाणपणाचा.

तीन घरांचे गणित

वीजदर टप्प्यांनी चढत जातो, ही येथील कळीची गोष्ट आहे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी सुमारे ५ रुपये ९० पैसे, १०१ ते ३०० युनिटांना सुमारे साडेअकरा रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटांना सुमारे १५ रुपये ७० पैसे पडत होते. दर बदलत राहतात, परंतु चढत्या पायऱ्यांची ही रचना कायम आहे. सौरवीज आपल्या वापरातील सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत महाग युनिटे आधी कमी करते.

आता तीन घरे कल्पनेत घेऊ. संचाचा खर्च प्रत्येक किलोवॉटला ६५ हजार रुपये धरू. केंद्र सरकारचे अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये आहे.

पहिले घर महिन्याला ५०० युनिटे वापरते. दोन वातानुकूलन यंत्रे, पाणी तापवण्याचा गिझर, धुलाई यंत्र असे सर्व काही तेथे आहे. या घराने तीन किलोवॉटचा संच बसवला तर १ लाख ९५ हजारांतून ७८ हजारांचे अनुदान वजा जाऊन १ लाख १७ हजार रुपये खिशातून जातात. संच महिन्याला ३६० युनिटे देतो. त्यातील २०० युनिटे १५ रुपये ७० पैशांच्या पायरीवरची आणि १६० युनिटे साडेअकरा रुपयांच्या पायरीवरची. महिन्याची बचत ४,९८० रुपये. दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच पैसे वसूल होतात.

दुसरे घर ३०० युनिटे वापरणाऱ्या मध्यमवर्गीयाचे. दोन किलोवॉटचा संच, अनुदानानंतर ७० हजारांचा खर्च आणि महिन्याला सुमारे २,५३५ रुपयांची बचत. दोन वर्षे चार महिन्यांत वसुली.

तिसरे घर महिन्याला ९० युनिटे वापरते. दोन पंखे, चार दिवे, दूरदर्शन संच आणि एक लहान फ्रीज. एक किलोवॉटचा संच या घराला पुरून उरतो. अनुदानानंतर खर्च ३५ हजार रुपये, आणि सारी ९० युनिटे वाचली तरी महिन्याची बचत ५३१ रुपये. वसुलीला साडेपाच वर्षे लागतात. त्यातही दरमहाचा स्थिर आकार भरावा लागतोच, तो सौर संचाने टळत नाही.

सौरवीज परवडण्याच्या प्रश्नाचे मर्म या तीन घरांत दडलेले आहे. ज्याला बचतीची निकड सर्वांत कमी, त्याचे पैसे सर्वांत लवकर परत येतात. ज्याला दरमहा वाचलेले पाचशे रुपये खरोखर उपयोगी पडतील, त्याला सर्वांत जास्त थांबावे लागते. हा कोणाच्या दुष्टाव्याचा परिणाम नाही. गरिबाला वीज स्वस्त मिळावी म्हणून आखलेल्या टप्प्यांच्या दरांमुळेच त्याची सौरवीजेतून होणारी बचत लहान राहते. सर्वांना सारखेच अनुदान दिले की लाभाचा ओघ आपोआप वरच्या पायरीकडे जातो.

अनुदान : कोणाला किती?

केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरे असे तिचे स्वरूप आहे. वर सांगितलेले ७८ हजारांपर्यंतचे अनुदान याच योजनेतले. २०२५ च्या अखेरपर्यंत वीस लाखांहून अधिक घरांना तिचा लाभ पोहोचला आणि त्यात गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र आघाडीवर राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साधनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागतो. दुसरीकडे, अनुदानासाठी भारतात बनलेल्या सौरघटांची पॅनेल वापरण्याची अट आहे आणि ती आयात पॅनेलपेक्षा महाग पडतात.

योजनेच्या नावातील ‘मोफत’ या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. संच मोफत मिळत नाही. संच बसवल्यावर त्यातून मिळणारी वीज मोफत, असा त्याचा अर्थ. अनुदानही आधी हातात पडत नाही. ग्राहकाने संच बसवायचा, नेट मीटर लागून तपासणी पूर्ण व्हायची आणि मग रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा व्हायची, असा क्रम आहे. म्हणजे मधल्या काळापुरती का होईना, पूर्ण रकमेची तजवीज करावी लागते. तिसऱ्या घराची गाडी नेमकी येथे अडते.

ही अडचण ओळखून महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ अर्थात ‘स्मार्ट’ योजना आणली. महिन्याला १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या पाच लाख घरांसाठी ती आहे. एक किलोवॉटच्या संचाची किंमत ५० हजार रुपये धरली असून केंद्राचे ३० हजार त्यात आहेतच. उरलेल्यांपैकी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्य १७,५०० रुपये देते आणि त्याला केवळ २,५०० रुपये भरावे लागतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला ५ हजार आणि अन्य दुर्बल ग्राहकाला १० हजार रुपये भरावे लागतात. आता तिसऱ्या घराचे गणित पुन्हा मांडून पाहा. अडीच हजार रुपये पाच महिन्यांत वसूल होतात, दहा हजार रुपये दीड वर्षाच्या थोडे पुढे. जे काम सरसकट अनुदानाने साधत नव्हते, ते गरजेनुसार वाढत्या अनुदानाने साधते. सार्वजनिक पैसा कोठे घालावा याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

हप्ता आणि बचत यांची तुलना

प्रत्येकाला वाढीव अनुदान मिळणार नाही. मधल्या फळीतील कुटुंबांसाठी खरा मार्ग कर्जाचा आहे. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी विनातारण कर्जाची सोय असून त्याचा व्याजदर रेपो दराशी जोडलेला आहे. योजना सुरू झाली तेव्हा तो सात टक्क्यांच्या आसपास होता. थोडा हिस्सा ग्राहकाला स्वतःचा घालावा लागतो.

येथे व्याजदराइतकीच कर्जाची मुदतही निर्णायक ठरते. अनुदानाची रक्कम कर्जखात्यात भरून टाकली असे धरू. दुसऱ्या घराला ७० हजारांवर सात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी सुमारे १,३८६ रुपये हप्ता बसतो. बचत अडीच हजारांची आहे. म्हणजे पहिल्या महिन्यापासूनच घरखर्चावरचा भार हलका होतो. तिसऱ्या घराला ३५ हजारांवर पाच वर्षांचा हप्ता ६९३ रुपये पडतो आणि बचत आहे ५३१ रुपयांची. हे कर्ज घेतल्याने त्याचा खर्च वाढेल. तेच कर्ज दहा वर्षांचे केले तर हप्ता ४०६ रुपयांवर येतो आणि महिन्याला सव्वाशे रुपये हातात उरतात. एकूण व्याज अर्थातच अधिक जाते. तरीही हप्ता बचतीपेक्षा लहान असला की पुंजी नसलेले कुटुंबही संच घेऊ शकते. कर्ज घेताना प्रत्येकाने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच : माझा हप्ता माझ्या बचतीपेक्षा कमी आहे का?

हप्त्यांचे हे महत्त्व आपल्या आसपासच्या अनुभवांनी सिद्ध केलेले आहे. बांगलादेशात २००३ पासून एका सरकारी वित्तसंस्थेच्या साह्याने आणि ‘ग्रामीण शक्ती’सारख्या संस्थांच्या जाळ्यातून, वीज न पोहोचलेल्या खेड्यांत लहान सौर संच दिले गेले. आरंभी किमतीचा अल्प हिस्सा भरायचा आणि उरलेले दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी फेडायचे, अशी पद्धत होती. अशा संचांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली. कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘सेल्को’ने फेरीवाले, शिंपी, शेतमजूर यांच्या कमाईची लय पाहून हप्ते बसवण्याचा आग्रह धरला. रोज कमावणाऱ्याला महिन्याची मोठी रक्कम जड जाते, मात्र रोजची छोटी रक्कम पेलवते, हे त्यामागचे साधे निरीक्षण. या कामासाठी हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बांगलादेशचा अनुभव एक इशाराही देतो. सरकारी वाहिन्या गावात आल्यावर तेथील कितीतरी संच अडगळीत पडले. साधन घेताना पुढील काही वर्षांचा विचार करावा लागतो, तो असा.

ज्यांना गच्ची नाही त्यांचे काय?

आतापर्यंतचे गणित स्वतःचे छप्पर असणाऱ्यांचे झाले. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथील बहुसंख्य वाचक सदनिकांत राहतात. गच्ची सोसायटीची, वर पाण्याच्या टाक्या, आणि जी जागा उरते ती सर्वांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला एखादे पॅनेल यावे.

अशा इमारतींनी आरंभ सामायिक विजेपासून करावा. उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातील आणि आवारातील दिवे यांचे बिल सोसायटी भरते आणि ते देखभाल शुल्कातून प्रत्येकाच्या खिशातूनच जाते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी प्रत्येक किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे आणि त्यात विद्युत वाहनांच्या चार्जिंगचाही समावेश होतो. दहा किलोवॉटच्या संचाला १ लाख ८० हजार रुपये मिळतात आणि त्याला हजार चौरस फूट मोकळी जागा पुरते. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत उरलेला खर्च विभागला तर प्रत्येक घराच्या वाट्याला दहा-बारा हजार रुपये येतात. सर्वसाधारण सभेचा ठराव, गच्चीच्या जलरोधनाची आधीच केलेली दुरुस्ती आणि दोन-तीन पुरवठादारांचे लेखी प्रस्ताव, एवढी तयारी त्यासाठी हवी. पुण्यासारख्या काही महापालिका सौर साधनांबद्दल मालमत्ता करातही सवलत देतात, तिचीही चौकशी करावी.

दुसरा मार्ग आभासी नेट मीटरिंगचा. एका ठिकाणी संच उभारायचा आणि त्यातील वीज कागदोपत्री अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वजा करायची, अशी ही रीत आहे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि केंद्राच्या योजनेनेही या प्रकाराला अनुदानाचे दार उघडले आहे. भाडेकरू, चाळकरी आणि पुनर्वसन इमारतींतील रहिवासी यांच्यासाठी यासारखा दुसरा मार्ग नाही. वस्तीजवळच्या शाळेच्या, मंडईच्या किंवा दवाखान्याच्या छपरावर एक संच आणि त्यात पन्नास घरांचा वाटा, हे चित्र सर्रास दिसू लागेल तेव्हाच सौरवीज सर्वांची झाली असे म्हणता येईल.

सामूहिक इच्छाशक्तीने काय होते याचे उदाहरण साताऱ्यात आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. गुजरातमध्ये सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या मोढेरा गावात तेराशेहून अधिक घरांवर संच बसवून ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सौरग्राम म्हणून जाहीर झाले. एकेकट्याने खरेदी करण्यापेक्षा गावाने किंवा गल्लीने मिळून खरेदी केली तर दरात घासाघीस करता येते, कागदपत्रांचा त्रास वाटला जातो आणि पुढे दुरुस्तीसाठी माणूस वेळेवर येतो.

वीज कंपनीची बाजू

या साऱ्यात वितरण कंपनीची अडचणही समजून घ्यायला हवी. वरच्या टप्प्यातील ग्राहक चढ्या दराने पैसे भरतो म्हणूनच खालच्या टप्प्याला वीज स्वस्त देता येते. आपल्या तीन घरांपैकी पहिल्या घराने सौर संच बसवला की कंपनीचे महिन्याला पाच हजार रुपये बुडतात. तारा, खांब, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. अशी घरे हजारोंनी वाढली तर तो खर्च कोणावर पडणार? ज्यांच्या छपरावर पॅनेल नाही त्यांच्यावर. छपरांवरील सौरवीजेबद्दल वितरण कंपन्या अनेकदा उत्साही नसतात, त्याचे एक कारण हे आहे.

यावर छपरांवरचे संच रोखून धरणे हा उपाय नव्हे. तळच्या ग्राहकाचेही घर सौर झाले तर त्याला स्वस्त वीज देण्यासाठी कंपनीला सोसावा लागणारा तोटा कमी होतो. म्हणजे सौर संच वरून खाली पसरण्याऐवजी खालून वर पसरत गेले तर ग्राहक आणि कंपनी दोघांचाही लाभ आहे. आज बाजाराची स्वाभाविक गती याच्या उलट आहे. ती फिरवायची असेल तर अनुदानाचा आणि कर्जाचा रोख ठरवून खालच्या पायरीकडे वळवावा लागेल.

निर्णय घेण्यापूर्वी

संच बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वीज वाचवण्याची. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर ते बदलल्याने महिन्याला सुमारे ६५ युनिटे वाचतात. ही बचत अर्ध्या किलोवॉटच्या सौर संचाच्या उत्पादनाइतकी आहे आणि तिचा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून आधी पंखे आणि दिवे बदलावेत, मग उरलेल्या वापरावर संचाचा आकार ठरवावा. त्यासाठी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर घेऊन वार्षिक सरासरी काढावी. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून घाबरून जाऊ नये.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. वाहिनीशी जोडलेला साधा संच वीजपुरवठा खंडित झाल्यावर, भर उन्हातही, बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही सुरक्षिततेची योजना केलेली असते. भारनियमनावर उपाय म्हणून संच हवा असेल तर बॅटरी असलेला संकरित संच लागेल. त्याचा खर्च बराच वाढतो, आणि बॅटरी पॅनेलपेक्षा पुष्कळच कमी वर्षे टिकते. जेथे पुरवठा बऱ्यापैकी नियमित आहे तेथे बॅटरीवर पैसे घालवण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट जागेची. टाकीची, शेजारच्या इमारतीची किंवा माडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादनात मोठी घट होऊ शकते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत सावली कोठे सरकते हे हिवाळ्यातही पाहावे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. किनारपट्टीवर वाऱ्याचा जोर आणि खारी हवा लक्षात घेऊन गंज न धरणारा भक्कम सांगाडा घ्यावा. कौलारू छपरावर संच बसवण्यापूर्वी वासे आणि तुळया वजन पेलतील का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

चौथी गोष्ट सेवेची. पॅनेलला साधारण पंचवीस वर्षांची कार्यक्षमतेची हमी असते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागण्याची शक्यता असते. ती रक्कम आजच हिशेबात धरावी. सूर्यघर योजनेत पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करणे बंधनकारक आहे, तसा उल्लेख करारात आहे ना हे पाहावे. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरूनच करावा आणि पुरवठादार तेथील नोंदणीकृत यादीतलाच निवडावा. ‘आज पैसे भरा, उद्या मोफत पॅनेल’ असे सांगणाऱ्या दूरध्वनींना आणि संदेशांना थारा देऊ नये.

पाचवी गोष्ट अगदी साधी. पॅनेलवर धूळ साचली की उत्पादन घटते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसून घेतली तरी पुरते.

भारनियमनाच्या काळात या राज्याने बारा-बारा तास अंधार सोसला. तेव्हा घरच्या घरी वीज तयार करणे हे श्रीमंतांचे कौतुक मानले जाई. आज तंत्रज्ञानाने आपले काम जवळजवळ पूर्ण केले आहे. उरले आहे ते हिशेबाचे आणि धोरणाचे काम. पाचशे युनिटे वापरणारे घर सरकारी प्रोत्साहन थोडे घटले तरी आपल्या बचतीच्या बळावर संच बसवील. नव्वद युनिटे वापरणाऱ्या घराला मात्र वाढीव अनुदान, लांब मुदतीचा लहान हप्ता आणि छप्पर नसेल तर सामायिक संचातील वाटा, या तिन्हींची साथ लागेल. योजनेचे यश किती मेगावॉट बसले यावरून मोजले जाते, ते तसे मोजावेही. पण त्यासोबत शंभर युनिटांच्या आतली किती घरे सौर झाली, हाही आकडा दर वर्षी जनतेपुढे ठेवला जावा. ऊन सर्वांच्या छपरांवर सारखेच पडते. त्याची वीज कोणाच्या घरात उतरते, हे मात्र आपण ठरवलेल्या नियमांवर अवलंबून राहणार आहे.